दिवाळीनंतर

कोजागरीच्या आदल्या दिवशी बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मटारची उसळ कर ना एकदा." मी भाकरी थापत होते, हात पिठाचे, त्यामुळे नुसतं "हं" केलं. पण ऐकून चमकलेच. बाबा पदार्थ मागत नाहीत. ८३ वर्षांत त्यांनी पानात पडेल ते खाल्लं. आमटीत मीठ घालायचं राहिलं तर ते शेवटी ताक पिताना कळायचं, तेही "आजची आमटी जरा सात्त्विक होती" अशा भाषेत. आई जाऊन चार वर्षं झाली, ते माझ्याकडे सहकारनगरला राहायला आले त्यालाही तेवढीच. या चार वर्षांतली ही पहिली मागणी. संध्याकाळी स्वारगेटला मेट्रोत बसले आणि एक स्टेशन पुढे मंडईला उतरले. सरकत्या जिन्याने वर येताना मंडई आधी नाकाला भेटते, मग डोळ्यांना. दसऱ्याचा उरलेला झेंडू कुठेतरी कुजत होता, त्यात ओल्या गोणपाटाचा आणि कोणाच्या तरी गाळ्यावरच्या उदबत्तीचा वास मिसळला होता.

मटार मला एकाच गाळ्यावर दिसला. जेमतेम दोन किलोचा ढीग, टवटवीत शेंगा वर रचलेल्या. "कसा दिला?" "पन्नासला पाव." मी एक शेंग उचलून बोटांनी दाबून पाहिली. मावशी म्हणाल्या, "शिमल्याचाय ताई, दाबू नका. सकाळपासून लोकांनी दाबून दाबून त्याचं भरीत केलंय." शेंग जागेवर ठेवली. भेंडी घेतली, दोडका घेतला, सहा सीताफळं घेतली आणि घरी आले. पिशवी रिकामी करणं हे बाबांचं काम, ते कोणाला करू देत नाहीत. एकेक जिन्नस काढत तळाशी पोचले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दोनशे रुपये किलो सांगतायत, बाबा. दिवाळीनंतर आणू." "बरं," ते म्हणाले. मग पिशवी गॅलरीत नेऊन झटकली, तिच्या चार घड्या घातल्या आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

त्या 'बरं'मध्ये राग नव्हता. रुसवासुद्धा असता तर बरं झालं असतं.

पैशाचं म्हणाल तर पाव किलोचे ५० रुपये वाचवून मी कोणता बंगला बांधणार होते? त्याच आठवड्यात लेकीबरोबर दोन कॉफ्या आणि एक केकचा तुकडा यांचे ६८० रुपये भरले होते, वर गाडी लावायचे वेगळे. तेव्हा "कसा दिला केक?" असं विचारलं नव्हतं. मेनूकार्डावरचा आकडा निमूट वाचायचा आणि भाजीवालीच्या तोंडचा आकडा ऐकून शेंग खाली ठेवायची, ही कोणती रीत, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावरही सांगता येईना. खुपत होतं ते वेगळंच. 'दिवाळीनंतर' हा शब्द माझा नव्हता. तो बाबांचा होता आणि मी तो त्यांनाच ऐकवला होता.

आम्ही शुक्रवार पेठेत वाड्यात राहायचो, मंडईपासून पायी सात-आठ मिनिटांवर. दर रविवारी सकाळी दोन खाकी पिशव्या घेऊन बाबा निघायचे आणि त्यांचं बोट धरून मी. पहिली फेरी फक्त भाव विचारायची. त्या फेरीत काही म्हणजे काही घ्यायचं नाही, अगदी आल्याचा तुकडासुद्धा नाही. पूर्वेच्या दारातून आत, सगळ्या कट्ट्यांवरून "काय भाव? काय भाव?" करत दुसऱ्या बाजूला बाहेर. मग त्या दगडी मनोऱ्याखाली थांबून बाबा मनात काहीतरी जुळवायचे, तोवर मी कबुतरं मोजायची. दुसऱ्या फेरीत खरेदी. गाळेवाल्यांना हे पाठ होतं. "काका, आधी चक्कर मारून या, मग बोलू," असं एकजण सगळ्यांदेखत ओरडायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ही इमारत बांधायचं घाटत होतं तेव्हा नगरपालिकेत असलेल्या जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. आधी शिक्षणावर पैसा घाला, असं त्यांचं म्हणणं. पुढे इमारतीला नाव त्यांचंच लागलं. ही गोष्ट बाबा मला मनोऱ्याखाली उभं राहून सांगायचे, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "खर्चाला नाही म्हणणारा माणूस शेवटी लक्षात राहतो बघ." आईचं यावर वेगळं मत होतं.

अश्विन-कार्तिकात मी काहीही मागितलं तरी उत्तर एकच. मटार? दिवाळीनंतर. फ्लॉवर? दिवाळीनंतर. गाजराचा हलवा? तो तर पार दिवाळीनंतर. मला वाटायचं, मोठ्यांच्या "उद्या बघू"सारखंच हेही टाळायचं वाक्य असावं. त्यामागे रानातला हिशेब आहे हे फार उशिरा कळलं, तेही बाबांकडून नाही. आमच्याकडे काम करणाऱ्या सुनंदाताई मुळशीकडच्या, त्यांनी एकदा फरशी पुसता पुसता सांगितलं. परतीचा पाऊस पालेभाजीला झोडपून जातो. मेथी-कोथिंबीर पिवळी पडून मुळाशी सडते आणि उरलेली मंडईत सोन्याच्या भावाने विकली जाते. पाऊस ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पुण्यातून काढता पाय घेतो खरा, पण रानात वाफसा येईपर्यंत, म्हणजे चिखल सुकून माती पेरण्याजोगी होईपर्यंत, पाय ठेवता येत नाही. वाफसा आला की पेरणी, मग मेथीला महिना, कोथिंबिरीला त्याहून थोडं जास्त. झाला ना नोव्हेंबर अर्धा? दिवाळी बरोबर या मधल्या खड्ड्यात पडते. जुनं सडलेलं, नवं अजून दोन पानांवर.

मटारचं त्याहून वेगळं. त्याला थंडी लागते, उन्हाने फूल गळतं. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात सासवडकडचा वाटाणा येतो, बारीक शेंगेचा आणि गोड, पण तो गणपतीबरोबर येतो आणि जवळजवळ गणपतीबरोबरच जातो. मग ऑक्टोबरच्या उन्हात, छत्री आत ठेवावी की बाहेर हे न कळणाऱ्या त्या दिवसांत, मटार यायचा तो हिमाचलच्या डोंगरातून. दीड हजार किलोमीटरच्या वर प्रवास करून आलेला पाहुणा. त्याचं भाडं कोणीतरी भरायलाच हवं. थंडी पडली की मध्य प्रदेश, पंजाबकडून ट्रकच्या ट्रक सुरू होतात आणि हाच मटार मग हातगाडीवरून ओरडून ओरडून विकावा लागतो.

अर्थात भावाचं सगळं खापर पावसावर फोडता येत नाही. पितृपक्षात गवार आणि भोपळा यांची मिजास पाहावी. पंधरा दिवस आधी ज्या गवारीकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं तिला एकदम वडीलधाऱ्यांचा मान. सर्वपित्री झाली की गवार उतरली, नवरात्र बसलं की रताळं चढलं. रान तेच, पीक तेच, फक्त आपल्या पंचांगाचं पान उलटलं. आई म्हणायची, आमच्या घरात पितरांना मेल्यावरसुद्धा भाव विचारून जेवायला मिळतं.

कांद्याची गोष्ट तर घरातच घडायची. एप्रिलच्या शेवटी बाबा गावरान कांद्याची गोणी आणायचे आणि वाड्याच्या माळ्यावर कांदे पसरायचे, एकावर एक अजिबात नाही. उन्हाळा निघायचा, पावसाळाही निघायचा. पण भाद्रपद संपता संपता माळ्यावरून एक वास खाली उतरू लागायचा, गोडसर, सडका, शाळेच्या दप्तरात शिरणारा. मग रविवारी मला वर चढवायचं. मऊ लागेल तो कांदा बाजूला, कोंब फुटलेला वेगळा, कडक असेल तो परत जागेवर. हाताला चिकट पाणी लागायचं आणि आंघोळ करूनही जायचं नाही. नाशिक-नगरकडच्या कांदाचाळींमध्ये याच दिवसांत हेच चाललेलं असतं, फक्त टनांनी. चाळीतला जुना कांदा संपत आलेला, नवा लाल कांदा अजून रानात, आणि त्यात पाऊस पडला की तो पाण्यात. मग भाव चढतो आणि दिल्लीला जाग येते. २०१९ आणि २०२०च्या सप्टेंबरात निर्यात थांबवली, २०२३च्या डिसेंबरात परत थांबवली. आमच्या माळ्यावरच्या कांद्यावर कधी निर्यातबंदी आली नाही. मात्र वाड्यातल्या कोणी "दोन कांदे द्या हो" म्हणून आलं की आई दारातल्या दारात द्यायची आणि बाबा रात्री माळ्यावर टॉर्च मारून मोजायचे.

एवढं सांगून ऑक्टोबर म्हणजे नुसता दुष्काळ असं वाटेल. तसं नाही. सीताफळ आहे की. दिवेघाट चढताना रस्त्याकडेला पाट्या घेऊन बसलेल्या बायका दिसू लागल्या की बाबांची भाषाच बदलायची. इथे मात्र पहिली फेरी, दुसरी फेरी असलं काही नाही. गाडी थांबवून उतरायचे आणि फळ हातात घेऊन त्याचे डोळे बघायचे. खवल्यांच्या मधल्या खाचा रुंदावून पिवळट-गुलाबी झाल्या की डोळे उघडले म्हणायचं. डोळे मिटलेलं फळ घरी आणून कितीही दिवस ठेवा, दगडच राहतो. पाटीवालीने "घ्या काका, गॅरंटी" म्हटलं की बाबा विचारायचे, "परवा खायचंय की उद्या?" म्हणजे एकाच पाटीतून दोन दिवसांची वेगवेगळी फळं निवडता यायची. घरी आल्यावर ती तांदळाच्या डब्यात जायची. फ्रिजमध्ये ठेवलेलं बाबांना चालत नाही, साल काळी पडते आणि आत गर घट्टच राहतो. सकाळी डब्यात हात घालून प्रत्येक फळाला अंगठ्याने विचारायचं, झालास का? एखादं हो म्हणायचं आणि अंगठा आतच जायचा. त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला तरी चालेल, पण ते फळ संध्याकाळपर्यंत थांबणार नाही. गॅलरीत वाकून उभं राहून, कोपरापर्यंत ओघळ येऊ देत खायचं आणि बिया कुंडीत थुंकायच्या. सीताफळ टेबलावर बसून चमच्याने खाणाऱ्या माणसांबद्दल माझं आजही फारसं बरं मत नाही.

आणि मग ते 'दिवाळीनंतर' खरोखरच यायचं. ते आलं की बाबा सुटायचे. निवृत्त झाल्यावर ते शेजारच्या काकांच्या स्कूटरवर मागे बसून पहाटे गुलटेकडीला मार्केट यार्डात जायला लागले होते. तिथला भाव दहा किलोचा आणि पालेभाजीचा शेकड्यावर. किरकोळ माणसाला तिथे कोणी विचारत नाही, म्हणून हे दोघे एक गोण घ्यायचे आणि वाड्यात वाटे घालायचे. जानेवारीतली एक सकाळ मला आठवते, मी माहेरी आले होते म्हणून बरोबर गेले. मेथीचा असा ढीग लागला होता की हमाल त्याच्यावरून चालत होते. एक शेतकरी, माझ्याच वयाचा असेल, हातातली पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, परत परत वाचत होता. तेव्हा आडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याच्या पट्टीतूनच कापली जायची, ती खरेदीदाराकडून घ्यायचं २०१६ साली ठरलं. शेकड्याला दोनशे मिळाले होते, म्हणजे जुडीला दोन रुपये. त्यातून आडत, हमाली आणि टेम्पोचं भाडं. शेवटचा एक ढीग तर तो उचलायलाच तयार नव्हता. बाबा त्याच्यापाशी गेले, बारा जुड्या वेगळ्या काढल्या आणि मोजून साठ रुपये त्याच्या हातात दिले. "काका, चोवीस होतात." "माझ्याकडे सुट्टे नाहीत," बाबा म्हणाले. त्यांच्या खिशात सुट्टे होते. आयुष्यभर होते. मी ते खुळखुळताना ऐकले होते.

घरी आल्यावर आईने बारा जुड्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला.

हे कोणी बोलत नाही. भाजी स्वस्त झाली की ती निवडायला कोण बसतं? बाबांच्या जानेवारीचं काम आईकडे असायचं. त्या बारा जुड्या तिने दोन दिवस निवडल्या, त्यातल्या पाच शेजारी फुकट वाटल्या आणि उरलेल्यांचे ठेपले, मुटके, पराठे, पुन्हा ठेपले. मटारचे पाच-पाच किलो यायचे. पेपर पसरून आई सोलायला बसायची आणि रात्रीच्या बातम्या संपल्या तरी ढीग तसाच. अंगठ्याचं नख हिरवं व्हायचं, ते संक्रांतीच्या हळदीकुंकवातसुद्धा तसंच. मग करंज्या, पॅटिस, मटारभात, शेवटी फ्रीजरमध्ये डबे. बाबा येता-जाता तिच्या पुढ्यातले चार दाणे तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "वीस रुपये किलो! ऑक्टोबरात किती होता माहितेय?" आई मान वर न करता म्हणायची, "सोलणावळ धरून सांगा."

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ऑक्टोबरात मेथी ५० झाली की तिचा फोटो येतो, खाली रडके चेहरे. जानेवारीत पाचला जुडी मिळते तेव्हा कोणी फोटो टाकत नाही. २०२३च्या जुलैत टोमॅटोने शंभरी ओलांडली तेव्हा तर विनोदांचा पूर आला होता. दोनेक महिन्यांत भाव असा कोसळला की शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला. त्यावर विनोद एकही आला नाही. मीसुद्धा त्या ग्रुपवर आहे, आणि रडक्या चेहऱ्यांत माझाही एक असतो, हे लपवून काय उपयोग.

कोजागरीच्या दिवशी सकाळी मी लेकीला हे सगळं सांगत होते, आटवायला ठेवलेल्या दुधात पळी फिरवत. तिने फोन काढला. "आई, दहा मिनिटांत येईल. फ्रोजन." खरंच आलं, अकरा मिनिटं लागली. बाबांनी पाकीट हातात घेतलं, चष्मा लावला, मागची बारीक अक्षरं वाचली. बर्फाने पाकिटाचा आवाज खड्यांसारखा येत होता. "जानेवारीत भरलंय हे," ते म्हणाले. "मग?" लेक म्हणाली. "मग काही नाही. म्हणजे गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतरचेच आहेत." आणि पाकीट तिच्या हातात देऊन फिरायला गेले. लेकीने माझ्याकडे बघून खांदे उडवले. मी ते फ्रीजरमध्ये टाकलं. तिच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता आणि तिचं काही चुकलंही नव्हतं. दाणा सोललेला, कोणाचं नख हिरवं झालेलं नाही, भाव छापील. आई असती तर तिने लेकीचीच बाजू घेतली असती याची मला खात्री आहे.

संध्याकाळी मी पुन्हा मंडईत गेले. त्याच मावशी, पण ढीग कालच्यापेक्षा बारका. मी भाव न विचारता म्हटलं, "पाव किलो द्या." त्यांनी मला ओळखलं असावं, कारण तागडीत शेंगा टाकताना म्हणाल्या, "कालच न्यायचा ना, काल चांगला होता." वर एक मूठ जास्त घालतील असं मला वाटलं होतं. नाही घातली. कोथिंबिरीची चार काड्यांची जुडी मागितली तर तिचे वेगळे दहा.

घरी येऊन मी ताट आणि शेंगा बाबांसमोर ठेवल्या. ते काही बोलले नाहीत. पेपर पसरला, बैठक मारता येत नाही म्हणून स्टूल ओढलं आणि एकेक शेंग शिवणीवर दाबून उघडायला लागले. बोटं थरथरतात त्यांची. एखादा दाणा टप्पकन खाली पडून कपाटाखाली जायचा आणि मग बाबा वाकून, काठीने तो बाहेर काढायचे. मी मध्ये पडले नाही. अर्ध्या तासाने ते म्हणाले, "चाळीस शेंगा. सव्वा रुपयाला एक." थोड्या वेळाने, "तीन पोचट." आणि बऱ्याच वेळाने, मी आलं-मिरची वाटत असताना, "तुझ्या आईला वाटाणे सोलायचा भारी कंटाळा होता. मला कधी म्हणाली नाही."

म्हणाली होती. सोलणावळ धरून सांगा, असं दर जानेवारीत म्हणाली होती. मी मिक्सर लावला.

उसळ अगदी वाटीभर झाली. ओलं खोबरं घातलं, गूळ जरा जास्तच घातला, कारण शिमल्याच्या त्या थकलेल्या दाण्यात गोडवा म्हणून उरला नव्हता. लेक बाहेर गेली होती. बाबांनी सगळी उसळ खाल्ली, पोळीच्या शेवटच्या तुकड्याने वाटी पुसून घेतली. गच्चीवर लोक कोजागरीला जमायला लागले होते, वरून खुर्च्या ओढल्याचा आवाज येत होता.

"कशी झालीय?" मी विचारलं.

"चांगली झालीय. मटार जरा पिठूळ आहे." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "दिवाळीनंतर परत कर."